टाकीतला मिनिमम बॅलन्स

विकांताच्या लेखासाठी फ्युएल पंप हा विषय जरा रुक्षच, मान्य आहे. पण गेल्या महिन्याभरात हापिसातल्या दोघांनी मला एकच प्रश्न विचारला: पेट्रोल गाडीचा पंप एकदा बदलून घेतला, तरी वर्षाच्या आत परत जातोच कसा? दोघांनाही कॉफी मशीनपाशी उभं राहून उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि दोन्ही वेळा कुणीतरी येऊन मीटिंगला ओढून नेलं. तर मंडळी, हे घ्या सविस्तर उत्तर. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. यात घाट आहे, ऊस आहे आणि आमचे अण्णा आहेत.

आमचं गाव माजलगाव तालुक्यात, जिल्हा बीड. (बीड म्हटलं की पुण्यातला माणूस एक विशिष्ट चेहरा करतो. असो.) घरची गाडी म्हणजे २०१२ सालची पांढरी हॅचबॅक, अण्णांनी २०१९ मध्ये सेकंडहँड घेतलेली. कंपनीतून आलेला मूळ पंप बारा वर्षं चालला. मार्च २०२४ मध्ये तो गेला, तेव्हा एका गॅरेजमध्ये नवा बसवून घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी तोही गेला. बारा वर्षं विरुद्ध आठ महिने! नुसता माल खराब म्हणून सोडून देण्यासारखा हा फरक नाही. टेस्टिंगमध्ये तोच बग परत उघडला की आपण काय म्हणतो? रूट कॉज सापडलाच नव्हता, नुसतं पॅच मारलं होतं.

आणि गेला तोही कुठे, तर धारूरच्या घाटात. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख होती, अंबाजोगाईला. अण्णा सकाळीच तिला घेऊन निघाले. तेलगाव सोडलं, घाट लागला आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद. मी हिंजवडीत स्टँड-अपमध्ये. फोन आला.

“गाडी उभी राहिली बघ घाटात. स्टार्टर फिरायलाय, पण उचलंना.”

“पेट्रोल आहे का अण्णा?”

“कालच तर टाकलंय दोनशेचं.”

हे “दोनशेचं” लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी इथून काय करणार? चावी ऑन करून मागच्या सीटपाशी कान लावायला सांगितला. निरोगी गाडीत तिथून दोन सेकंद “घुंईं” असा बारीक आवाज येतो. इंजिन सुरू व्हायच्या आधी पंप पाइपात दाब भरून घेत असतो. अण्णा म्हणाले, काहीच वाजत नाही. मागून आईचा आवाज, “त्याला कशाला तिथून त्रास देता, कामात असंल तो.” ऑपरेशन तिचं, घाटात अडकलेली ती, आणि काळजी कशाची, तर माझ्या मीटिंगची.

शेवटी एक ट्रकवाला थांबला. त्याने ऐकून घेतलं, चाकाला लावायचा लाकडी ठोकळा काढला आणि गाडीखाली सरकून टाकीच्या बुडाला चार-पाच वेळा ठोकलं. “आता मारा चावी,” म्हणाला. गाडी सुरू! अंबाजोगाईपर्यंत वाटेत कुठेही बंद करू नका, एवढं बजावून तो निघून गेला. आईची तारीख चुकली नाही. डोळाही आता उत्तम आहे, सुईत दोरा स्वतः ओवते.

अण्णांना तो जादूगार वाटला. जादू नव्हती. पंपाच्या आत साधी डीसी मोटर असते, खेळण्यातल्या गाडीत असते तशीच, फक्त मोठी. कार्बनचे दोन ब्रश फिरत्या कॉम्युटेटरला घासत असतात. ब्रश झिजले किंवा मध्ये घाण बसली की मोटर नेमकी अशा जागी थांबते जिथे संपर्कच होत नाही. ठोकल्याने ती केसभर हलते, संपर्क होतो, फिरते. ही युक्ती फार तर एक-दोनदा चालते, आणि ती चालली याचा अर्थ पंपाचे दिवस भरले आहेत. पण तेवढी माहीत असू द्या. (ठोकायला लोखंड नको, लाकूडच. कारण सांगायला नको.)

आता थोडी मेकॅनिझम, ज्यांना कंटाळा येतो त्यांनी एक परिच्छेद ओलांडावा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत, म्हणजे पद्मिनी, ॲम्बॅसॅडर, मारुती ८०० ची आधीची मॉडेलं, पंप इंजिनाला बाहेरून लावलेला असायचा. आत रबरी पडदा, तो कॅमशाफ्टच्या धक्क्याने वरखाली व्हायचा. दाब जेमतेम ०.२-०.३ बार. पडदा फाटला तर रस्त्याच्या कडेला बसून बदलता यायचा. २००० नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, इंजेक्शन आलं, आणि दाब लागायला लागला साधारण ३ बार. तुमच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त. हे काम करणारा पंप विजेवर चालतो आणि टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच उभा असतो. नुसता उभा नाही, पेट्रोल मोटरच्या पोटातून वाहत वर जातं. तेच त्याला थंड ठेवतं, तेच बेअरिंगला वंगणाचं काम करतं. वेगळं ऑइल नाही, वेगळा पंखा नाही. स्वच्छ पेट्रोल सतत मिळणं हाच त्याचा सगळा मेंटेनन्स. (विजेची मोटर पेट्रोलमध्ये, मग स्फोट का होत नाही? तर आत पेट्रोलची वाफ इतकी दाट असते की पेटायला पुरेशी हवाच नसते.)

तर मी त्या शुक्रवारी रात्रीच गाव गाठलं आणि शनिवारी गाडी माजलगावातल्या चाचांकडे नेली. चाचांनी आमची लुना, मग स्कूटर, मग ट्रॅक्टर, सगळं बघितलेलं आहे. त्यांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मागची सीट उचलली, टाकीवरचं झाकण उघडून अख्खं मॉड्यूल बाहेर काढलं आणि जुन्या पेपरवर ठेवलं. मग मोटरकडे न बघता आधी खालची जाळी हातात घेतली.

पंपाच्या तोंडाला एक बारीक विणीची जाळी असते, लहान मुलाच्या मोज्यासारखी. मुळात ती पांढरट असते. आमची काळपट तपकिरी, कडक झालेली. मार्चमध्ये फक्त मोटर बदलली होती, जाळी बारा वर्षांपूर्वीचीच परत लावली होती.

“मोटर बदली, बीमारी टंकी में छोड दी,” चाचा म्हणाले. या लेखाचं अर्धं उत्तर या वाक्यात आहे.

तुंबलेल्या जाळीतून मोटर पेट्रोल ओढते, पण हवं तेवढं येत नाही. पोटातून कमी पेट्रोल गेलं की ती तापते. जाळी चुकवून आत गेलेला बारीक गाळ इम्पेलर आणि ब्रश घासत राहतो. नवी मोटर टाका, तीही त्याच मार्गाने जाणार. पहिली बारा वर्षं टिकली, कारण पहिली सात-आठ वर्षं टाकी स्वच्छ होती. दुसरीला पहिल्या दिवसापासून गाळच मिळाला.

जाळीवर आणखी एक मजेशीर गोष्ट होती: पांढरे दोरे, अगदी कापडाच्या दशा. चाचांनी एक दोरा चिमटीत धरून अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी लगेच सांगून टाकलं. शेतात फवारणीच्या इंजिनासाठी पेट्रोलचा कॅन असतो. कधी गाडीला कमी पडलं तर त्यातलंच नरसाळ्याने ओतायचं, आणि कचरा जाऊ नये म्हणून नरसाळ्यात पंचा धरायचा. कचरा अडवायला धरलेल्या पंचाच्याच दशा आत जाऊन बसलेल्या! चाचा हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मी बाहेर जाऊन हसून आलो.

मग टाकी उतरवली. उरलेलं पेट्रोल काढलं, तळाशी काळा चिखलासारखा थर होता. स्वच्छ पेट्रोलने दोनदा विसळली, वाळवली. पाणी अजिबात वापरलं नाही. हे काम घरी करू नका, प्लीज. चाचांच्या गॅरेजमध्येसुद्धा त्या तासाभरात शेजारच्या पोराचं वेल्डिंग बंद करायला लावलं होतं आणि विडीवाल्या दोघांना रस्त्यापलीकडे हाकललं होतं.

नव्या पंपावरून थोडी चर्चा झाली. नुसती लोकल मोटर बाराशेला, आणि नंबर जुळवून घेतलेलं अख्खं मॉड्यूल, त्यात जाळी, प्रेशर रेग्युलेटर, फिल्टर सगळं आलं, साडेचार हजारांच्या वर. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझं मत विचाराल तर प्रत्येक वेळी महागच घ्यावं असं नाही. मॉड्यूलचा प्लास्टिकचा सांगाडा धड असेल, फिल्टर वेगळा बदलता येत असेल, तर चांगल्या कंपनीची नुसती मोटर आणि नवी जाळी पुरते. पण आमच्या गाडीत फिल्टर मॉड्यूलच्या आतच होता, तोही बारा वर्षांचा. तुंबलेल्या फिल्टरसमोर नवी मोटर लावणं म्हणजे तिला रोज घाट चढायला लावणं. आम्ही मॉड्यूल घेतलं. झाकणाखालचं रबरी सील नवं घेतलं, ते जुनं ठेवून पन्नास-शंभर रुपये वाचवण्यात अर्थ नाही. तिथूनच धूळ आणि पावसाळ्यात पाणी झिरपतं.

बसवण्याआधी गॅरेजमधल्या पोराने मोटर बॅटरीला लावून “वाजते का” बघायला हात पुढे केला, तर चाचा जवळजवळ ओरडलेच. हे फार ठिकाणी करतात. कोरडी मोटर फिरवली की ना थंडावा, ना वंगण; नवा पंप बसायच्या आधीच थोडा म्हातारा होतो. शिवाय ब्रशची ठिणगी उघड्यावर, आणि बाजूला पेट्रोल. नको. टाकीत थोडं पेट्रोल घालून, पंप बसवून, चावी दोन-तीनदा नुसती ऑन-ऑफ करायची, पाइपात दाब भरला की मग स्टार्टर.

एवढं झाल्यावर मी माझा मल्टिमीटर काढला. (इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत घेतलेल्या वस्तूंपैकी आजही उपयोगी पडणारी ही एकमेव. :) ) टाकीचं झाकण नीट बंद करून, गाडी चालू ठेवून बॅटरीवर मोजलं: १४.१ व्होल्ट. पंपाच्या कनेक्टरवर मोजलं: १२.६. म्हणजे दीड व्होल्ट वाटेत गायब! पंप साधारण ५ अँपिअर घेतो असं धरा. १.५ गुणिले ५ म्हणजे साडेसात वॉट उष्णता, कुठल्या तरी गंजलेल्या जोडात सतत निर्माण होतेय. शोधलं तर बराचसा तोटा अर्थिंगच्या वायरचा निघाला. बॉडीला जिथे बोल्टने लावलेली असते, तिथे गंज. उरलेला कनेक्टरच्या पिनांवर. प्लास्टिक एका कोपऱ्यात पिवळं पडून मऊ झालेलं.

गॅरेजवाले म्हणतात व्होल्टेज कमी पडलं की मोटर करंट जास्त ओढते आणि जळते. ते तितकंसं खरं नाही. अशी मोटर मुख्यतः हळू फिरते. पण हळू फिरली की पेट्रोल कमी, पेट्रोल कमी की थंडावा कमी, आणि तिकडे जोड तापून आणखी खराब होत राहतो. परिणाम शेवटी तोच. बोल्ट घासून साफ केला, पिना बदलल्या, तोटा ०.२ व्होल्टवर आला. खर्च दीडशे रुपये. पंप बदलून घेणाऱ्या प्रत्येकाने एवढं एक मोजमाप आग्रहाने करून घ्यावं. नवा पंप आणि जुना जळका कनेक्टर ही जोडी मी नंतर अजून दोन गाड्यांत पाहिली.

आता दोनशेचं पेट्रोल.

आमच्या गाडीतला रिझर्व्हचा पिवळा दिवा देवघरातल्या समईसारखा कायम तेवत असायचा. लिटरला शंभराच्या वर भाव, म्हणजे दोनशेत दोन लिटरही नाही. टाकी ३५ लिटरची. दोन लिटर टाकायचं, ते संपवायचं, परत दोन लिटर. गाडी वर्षानुवर्षं तळाच्या चार-पाच लिटरवर चालत आलेली.

इंटरनेटवर तुम्हाला “अर्ध्या टाकीखाली जाऊच नका” असं वाचायला मिळेल. ते अतिशयोक्त आहे. पंप एका छोट्या डब्यात बसवलेला असतो, तो डबा पातळी खाली गेली तरी थोडा वेळ भरलेला राहतो, आणि जोवर पेट्रोल पोटातून वाहतंय तोवर पंप सुरक्षित असतो. एखाद्या वेळी रिझर्व्हवर घरी पोचलात तर काही बिघडत नाही. बिघडतं ते तळाशी राहण्याची सवय लागली की. घाटात, वळणावर थोडंसं पेट्रोल एका बाजूला धावतं आणि पंप हवा ओढतो. त्या क्षणी तो कोरडा फिरतो. तळाचा गाळ थोड्याशा पेट्रोलात सतत ढवळला जातो. आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो तेव्हा चार लिटर पेट्रोल तीस लिटरपेक्षा लवकर तापतं, म्हणजे थंड ठेवणाराच गरम. धारूर घाट, दोन लिटर पेट्रोल, तुंबलेली जाळी आणि गंजलेलं अर्थिंग, असे सगळे एकाच सकाळी भेटले.

मग अण्णा दोनशेचंच का टाकतात? कंजूष म्हणून नाही. पैसा जसा येतो तसं पेट्रोल जातं. मला महिन्याच्या शेवटी पगाराचा मेसेज येतो. अण्णांना कापूस विकला की येतो, आणि उसाचं बिल येतं तेव्हा येतो. ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यायची असं १९६६ च्या शुगरकेन कंट्रोल ऑर्डरमध्ये आहे. अण्णांच्या उसाला त्या आधीच्या सीझनला १४ दिवसांचे कित्येक आठवडे झाले होते. मग दोनशेची नोट पंपावर द्यायची आणि बाकीची खिशात ठेवायची, हे त्यांच्या दृष्टीने अगदी शहाणपणाचं कॅश मॅनेजमेंट आहे. आणि गंमत बघा, २०२५ मध्ये देशभर पेट्रोलमध्ये सरासरी २० टक्के इथेनॉल मिसळायचं लक्ष्य गाठलं. ते बनतं कशापासून? मका आणि तांदळापासून बनतं, तसं उसाच्या रसापासून आणि मळीपासूनही. आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन सांगली-कोल्हापूर-कर्नाटकात ऊस तोडायला जातात. म्हणजे आमचाच ऊस किंवा आमच्याच लोकांनी तोडलेला ऊस टाकीत येतो, आणि त्याचं बिल आलं नाही म्हणून टाकी रिकामी.

इथेनॉलचा पंपाशी थेट संबंधही आहे, तो सांगतो. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या ई-२० साठी केलेल्या आहेत; आमची २०१२ ची नाही. जुन्या गाडीला नवा पंप घेताना सील आणि पाइप इथेनॉल सोसणारे आहेत ना, हे विचारून घ्या. दुसरं, इथेनॉल जुना चिकटलेला थर सोडवतं. तो सुटून जाळीवर येतो. म्हणून जुन्या टाकीत नवा पंप टाकलात तर पाच-सहा हजार किलोमीटरनंतर जाळी एकदा बघावी. तिसरं, इथेनॉल पाणी ओढून धरतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून वेगळे होऊन तळाशी बसतात, म्हणजे नेमके पंपाच्या तोंडाशी. गाडी दोन-दोन महिने उभी ठेवणाऱ्यांनी आणि टाकीच्या टोपणाचं रबर फाटलेल्यांनी लक्ष द्यावं. घाबरून जायचं कारण नाही. रोज चालणाऱ्या गाडीत एवढं पाणी साठत नाही.

परत अण्णांकडे. “टाकी फुल ठेवा” हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. मी म्हटलं, अण्णा, बँकेत मिनिमम बॅलन्स ठेवता ना? तसं टाकीत पाव टाकी ठेवायची. सहा-सात लिटर जास्तीचं, एकदाच भरायचं. त्यानंतर तुम्ही दोनशेचंच टाका. काटा पावाच्या खाली आला की टाकायचं, एवढंच. खर्च तेवढाच, फक्त तळ वर आला.

अण्णांनी विचार केला. “म्हणजे सात-आठशे रुपये गुंतले. ते परत कधी मिळायचे?”

“गाडी विकताना.”

“विकताना टाकी भरून कोण देतंय रे?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मोबाइल काढून पैसे पाठवायला लागलो, तर म्हणाले, ठेव तुझे तुला. दोन दिवसांनी आईकडून कळलं, स्वतःच जाऊन टाकी पावाच्या वर भरून आले. पंपावरच्या पोराने “काका, आज लग्न आहे का कुठं?” म्हणून विचारलं म्हणे. शेतातल्या कॅनला आता बारीक जाळीचं नरसाळं आलंय. पंचा परत खांद्यावर.

आता गाडीने त्या पंपावर अकरा हजार किलोमीटर काढलेत. सहा हजारांवर चाचांनी जाळी काढून बघितली होती, जरा मळलेली होती, दोरे नव्हते. व्होल्टेज मी दर खेपेला मोजतो, ०.२ च्या आसपास आहे. टोपणाचं रबर मात्र बदलायचं राहिलंय. चाचा म्हणालेत ते मागवून ठेवतो, पण दिवाळीच्या आधीच ये, एकदा सीझन सुरू झाला की ट्रॅक्टरवाल्यांच्या रांगेत तुझा नंबर मार्चपर्यंत लागणार नाही.